यूएसबी डिव्हाइस स्वतःची ओळख कशी करून देतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोकंट्रोलरवर प्रोजेक्ट करणारी डिप्लोमा-डिग्रीची मुलं, घरी हौसेने सर्किट जोडणारे लोक आणि दुरुस्तीची कामं करणारे काही मित्र मला पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी सीएच३४० ही यूएसबीला सिरियल पोर्टशी जोडणारी एकच चिप घेतली आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळणाऱ्या स्वस्त आर्डुइनो बोर्डांवर ती हमखास दिसते, त्यामुळे तुमच्याकडेही असण्याची शक्यता मोठी. हेक्स, म्हणजे १६ च्या पद्धतीने मोजलेले, आकडे देवनागरीत लिहिले आहेत. ए ते एफ म्हणजे १० ते १५, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

वायर खोचल्या खोचल्या कॉम्प्युटरला कळतं कसं?

एका रेझिस्टरमुळे. जुन्या चार तारांच्या यूएसबीत लाल तार ५ व्होल्टची, काळी ग्राउंडची, हिरवी डी प्लस आणि पांढरी डी मायनस. होस्टच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजूला दोन्ही डेटा तारा १५ किलोओहमच्या रेझिस्टरने खाली ओढलेल्या असतात. डिव्हाइस यांपैकी एक तार १.५ किलोओहमने वर ओढतं. तार वर गेली की होस्टला कळतं की कुणीतरी आलं आहे.

कोणती तार वर गेली यावरून वेगही कळतो. डी मायनस वर असेल तर लो स्पीड, सेकंदाला १.५ मेगाबिट. डी प्लस वर असेल तर फुल स्पीड, १२ मेगाबिट. ४८० मेगाबिटचं हाय स्पीड डिव्हाइससुद्धा आधी फुल स्पीड म्हणूनच हजर होतं आणि रिसेटच्या वेळी ठरावीक खुणेने ‘मला जास्त जमतं’ असं सांगतं. एक शब्दही बोलला गेलेला नसताना, फक्त एका रेझिस्टरच्या जागेवरून इतकं समजतं. ही रचना मला आजही फार आवडते.

त्यानंतर पहिलं बोलणं काय होतं?

या सगळ्या प्रकाराला एन्युमरेशन म्हणतात. पिन नीट बसेपर्यंत जोडणी लुकलुकते, म्हणून होस्ट सुमारे १०० मिलिसेकंद थांबतो. मग दोन्ही डेटा तारा खाली धरून रिसेट देतो. रिसेटनंतर डिव्हाइसचा पत्ता ० असतो. नव्याने आलेल्या प्रत्येकाचा पत्ता ०च, म्हणून होस्ट एका वेळी एकालाच रिसेट करतो.

आता होस्ट ८ बाइटचा प्रश्न पाठवतो. तो असा दिसतो:

८० ०६ ०० ०१ ०० ०० ४० ००

८० म्हणजे उत्तर डिव्हाइसकडून होस्टकडे यायचं आहे. ०६ म्हणजे ‘डिस्क्रिप्टर दे’; डिस्क्रिप्टर म्हणजे डिव्हाइसने स्वतःबद्दल लिहून ठेवलेली माहिती. पुढच्या दोन बाइटमध्ये कोणता डिस्क्रिप्टर ते असतं. इथे प्रकार १, म्हणजे डिव्हाइस डिस्क्रिप्टर. शेवटचे दोन म्हणजे जास्तीत जास्त ६४ बाइट चालतील. यूएसबीत दोन बाइटचा आकडा धाकटा बाइट आधी ठेवून लिहितात, म्हणून ४० ०० म्हणजे हेक्स ००४०, आपले ६४. पहिल्यांदा बाइट वाचायला बसलेली जवळजवळ सगळी मुलं इथेच अडखळतात.

होस्टला या घडीला खरं तर एकच गोष्ट हवी असते: हे डिव्हाइस एका पॅकेटमध्ये किती बाइट पाठवू शकतं? ८, १६, ३२ की ६४? हा आकडा डिस्क्रिप्टरच्या बरोबर आठव्या बाइटमध्ये ठेवला आहे. पॅकेट कितीही लहान असलं तरी ८ बाइट येतातच, म्हणजे हा आकडा पहिल्याच पॅकेटमध्ये हाती लागतो.

मग होस्ट पत्ता देतो. पत्ता ७ बिटांचा, ० राखीव, म्हणून एका होस्टवर जास्तीत जास्त १२७ डिव्हाइस, हब धरून. स्वतः फर्मवेअर लिहिणाऱ्यांनी इथे जपावं: ‘पत्ता घे’ या आदेशाची पोच जुन्या पत्त्यावरूनच, म्हणजे ० वरूनच द्यायची असते. पोच पूर्ण झाल्यावर नवा पत्ता लावायचा. आदेश कानावर पडताक्षणी पत्ता बदलला तर होस्ट ० वर वाट पाहत राहतो आणि सगळं तिथेच संपतं.

नव्या पत्त्यावर होस्ट पूर्ण डिस्क्रिप्टर मागतो, कॉन्फिगरेशन मागतो, नावं मागतो आणि शेवटी ‘अमुक कॉन्फिगरेशन लाव’ असं सांगतो. त्यानंतरच डिव्हाइस कामाला लागतं.

डिव्हाइस डिस्क्रिप्टरचे १८ बाइट वाचायचे कसे?

सीएच३४० चे बाइट घेऊ:

१२ ०१ १० ०१ एफएफ ०० ०० ०८ ८६ १ए २३ ७५ ५४ ०२ ०० ०२ ०० ०१

पहिला १२ म्हणजे हेक्समधले १८, स्वतःची लांबी. ०१ हा प्रकार. जवळजवळ प्रत्येक डिस्क्रिप्टरची सुरुवात लांबी आणि प्रकार अशीच होते, त्यामुळे होस्टला एखादा प्रकार माहीत नसला तरी तेवढे बाइट ओलांडून पुढे जाता येतं.

१० ०१ उलटं वाचा: ०११०, म्हणजे यूएसबी १.१ चे नियम. पुढचा एफएफ हा क्लास. एफएफचा अर्थ ‘मी कोणत्याही ठरलेल्या गटातला नाही, माझी पद्धत माझ्या निर्मात्याची’. ड्रायव्हर शोधावा लागतो तो या एका बाइटमुळे. मग सबक्लास, प्रोटोकॉल, आणि ०८, म्हणजे एका पॅकेटला ८ बाइट.

८६ १ए म्हणजे १ए८६, हा निर्मात्याचा क्रमांक, व्हेंडर आयडी. २३ ७५ म्हणजे ७५२३, वस्तूचा क्रमांक, प्रॉडक्ट आयडी. ५४ ०२ ही चिपची आवृत्ती, २.५४, तुमच्या बोर्डावर हा आकडा वेगळा निघू शकतो. नंतरचे तीन बाइट ०० ०२ ०० म्हणजे नावांचे अनुक्रमांक: निर्मात्याचं नाव नाही, वस्तूचं नाव दुसऱ्या क्रमांकाला, सिरियल नंबर नाही. तो ‘नाही’ पुढे एका प्रश्नात पुन्हा येणार आहे. शेवटचा ०१ म्हणजे कॉन्फिगरेशन एकच.

हे व्हेंडर आयडी कोण वाटतं? मला मिळेल का?

यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम ही संस्था. तिच्याकडून क्रमांक विकत घ्यायला काही हजार डॉलर लागतात, म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी प्रश्नच नाही. तुमचं काम ओपन सोर्स असेल तर पिड डॉट कोड्स हा उपक्रम १२०९ या व्हेंडर आयडीखाली प्रॉडक्ट आयडी फुकट देतो. दुसऱ्याचा क्रमांक उचलून आपल्या बोर्डावर चिकटवू नका. कॉम्प्युटर त्या दुसऱ्याचा ड्रायव्हर तुमच्या बोर्डावर लावेल, आणि चूक शोधताना तुमचे दिवस जातील.

एवढं झाल्यावर कॉन्फिगरेशन, इंटरफेस, एंडपॉइंट ही आणखी पोथी कशासाठी?

१८ बाइटांनी ‘कोण’ ते कळलं. ‘काय काय करतोस आणि कोणत्या दारातून’ हे अजून बाकी आहे.

रेशनकार्ड डोळ्यांपुढे आणा. वर कुटुंबाची माहिती, खाली एकेक माणूस. कॉन्फिगरेशन म्हणजे वरचा भाग, इंटरफेस म्हणजे माणसं. एंडपॉइंट म्हणजे डेटा ये-जा करण्याची त्यांची दारं. माइक असलेला यूएसबी हेडसेट घ्या: आवाज ऐकवणं, आवाज घेणं आणि आवाज कमी-जास्त करायची बटणं. बाहेरून वस्तू एक, पण होस्टच्या दृष्टीने आत वेगवेगळे इंटरफेस, आणि आवाजाचा ड्रायव्हर वेगळा, बटणांचा वेगळा. म्हणून कधीकधी हेडसेटचा आवाज चालतो आणि बटणं चालत नाहीत.

सीएच३४० चं कुटुंब लहान आहे. कॉन्फिगरेशनचे ९ बाइट, एका इंटरफेसचे ९ आणि तीन एंडपॉइंटांचे प्रत्येकी ७, असे एकूण ३९. हा एकूण आकडा कॉन्फिगरेशनच्या पहिल्या ९ बाइटांतच लिहिलेला असतो. होस्ट आधी फक्त ९ मागतो, आकडा बघतो, मग अख्खे ३९ मागतो. हाताने डिस्क्रिप्टर लिहिताना इंटरफेस वाढवायचा आणि ही बेरीज बदलायला विसरायचं, ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता सगळ्यात आधी तीच तपासतो.

तीन एंडपॉइंटांपैकी एक डेटा आत आणणारा, एक बाहेर नेणारा, दोन्ही ३२ बाइटांचे, आणि तिसरा लाइनची स्थिती सांगणारा लहान, ८ बाइटांचा. ‘आत’ आणि ‘बाहेर’ हे नेहमी होस्टच्या बाजूने मोजतात. याशिवाय एंडपॉइंट ० प्रत्येक डिव्हाइसला असतोच. आतापर्यंतचं सगळं बोलणं त्याच्यावरूनच झालं, आणि त्याचा डिस्क्रिप्टर वेगळा लिहीत नाहीत.

कॉन्फिगरेशनमध्ये विजेची मागणीही असते, २ मिलिअँपिअरच्या पटीत. सीएच३४० तिथे ४८ लिहितो, म्हणजे ९६ मिलिअँपिअर. ही फक्त कागदावरची मागणी असते, प्रत्यक्ष मोजलेला करंट नसतो. तुमच्या बोर्डावर मायक्रोकंट्रोलर आहे, सेन्सर आहेत, कदाचित सर्वो मोटर लावली आहे. त्यांची या चिपला गंधवार्ताही नाही. मोटर फिरली, व्होल्टेज खाली गेलं आणि बोर्ड क्षणभर गायब होऊन परत जोडला गेला, तर कोडमधला दोष शोधू नका. मोटरला वेगळा पॉवर सप्लाय द्या.

डिव्हाइसला काही सांगायचं असेल तर ते आपणहून का सांगत नाही?

परवानगीच नाही. वर्गात हजेरी घेताना नाव पुकारल्यावरच मुलं ‘हजर’ म्हणतात, तसं. होस्ट विचारतो, डिव्हाइस उत्तर देतं. सांगायला काही नसेल तर ‘नॅक’ म्हणतं, म्हणजे ‘आत्ता काही नाही, नंतर विचार’. डेटा नीट पोचला तर ‘अ‍ॅक’. मागणीच मान्य नसेल किंवा एंडपॉइंट अडला असेल तर ‘स्टॉल’. तुम्ही माउस हलवता तेव्हा माउस कॉम्प्युटरला हाक मारत नाही. कॉम्प्युटर दर काही मिलिसेकंदांनी ‘हललास का?’ असं विचारत असतो. किती मिलिसेकंदांनी विचारायचं ते माउसने स्वतःच्या एंडपॉइंट डिस्क्रिप्टरमध्ये लिहून ठेवलेलं असतं. गेमिंग माउसच्या खोक्यावर १००० हर्ट्‌झ लिहितात त्याचा अर्थ इतकाच, की त्याने तिथे १ मिलिसेकंद मागितला आहे.

म्हणून यूएसबीतला ‘इंटरप्ट ट्रान्सफर’ हा शब्द दिशाभूल करतो. मायक्रोकंट्रोलरच्या इंटरप्टसारखं तिथे मध्येच कुणी काही तोडत नाही.

हे मुद्दाम ठरवलेलं आहे. अवघड, महाग काम होस्टकडे ठेवलं की माउससारखी वस्तू साध्या चिपवर बनते. १९९६ च्या जानेवारीत यूएसबी १.० आलं तेव्हा इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या त्यामागे होत्या. इंटेलमधल्या गटात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट होते.

ट्रान्सफरचे प्रकार किती?

चार. कंट्रोल: ओळख आणि आदेश. इंटरप्ट: थोडा डेटा, पण वेळेवर. बल्क: पेन ड्राइव्ह, प्रिंटर; वेळेची हमी नाही, डेटा बरोबर पोचण्याची आहे. आयसोक्रोनस: माइक आणि कॅमेरा, वेळेची हमी आहे, पण चुकलेलं पॅकेट परत पाठवत नाहीत, कारण क्षणापूर्वीचा आवाज आता पाठवून उपयोग नाही.

मराठी टाइप करताना कीबोर्ड ‘क’ पाठवतो का?

नाही, आणि हे उत्तर ऐकून बरेच जण चकित होतात. कीबोर्डला कोणतीच भाषा येत नाही. तो बटणाची जागा पाठवतो. साधा कीबोर्ड दर वेळी ८ बाइट देतो: पहिल्यात शिफ्ट, कंट्रोल वगैरे, दुसरा रिकामा, मग एकाच वेळी दाबलेल्या सहा बटणांची जागा. इंग्रजी ‘के’चं बटण दाबलं तर:

०० ०० ०ई ०० ०० ०० ०० ००

सोडलं की सगळी शून्यं. हा ०ई ‘के’ होणार की इन्स्क्रिप्टमधला ‘क’, हे तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये निवडलेला लेआउट ठरवतो. डाव्या शिफ्टसह दाबलं तर पहिला बाइट ०२ होतो आणि इन्स्क्रिप्टमध्ये ‘ख’ उमटतो. मराठी टाइप करायला वेगळा कीबोर्ड विकत घ्यावा लागत नाही, तो यामुळे.

कीबोर्ड, माउस वगैरेंच्या या गटाला एचआयडी, म्हणजे ह्यूमन इंटरफेस डिव्हाइस, म्हणतात. त्याच्या डिव्हाइसकडे आणखी एक डिस्क्रिप्टर असतो, रिपोर्ट डिस्क्रिप्टर. कोणता बिट म्हणजे काय, हे त्यात सांगितलेलं असतं. म्हणून पाच बटणांचा माउस असो की जॉयस्टिक, ड्रायव्हर न टाकता चालतो.

माझ्या डिव्हाइसचं नाव मराठीत ठेवता येईल का?

येईल! नावांचे स्ट्रिंग डिस्क्रिप्टर यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे इथे एका चिन्हाला दोन बाइट अशा पद्धतीने, असतात आणि भाषांच्या अधिकृत यादीत मराठीला क्रमांक आहे: ०४४ई. ‘मराठी’ हा शब्द असा लिहायचा:

०सी ०३ २ई ०९ ३० ०९ ३ई ०९ २० ०९ ४० ०९

लांबी १२, प्रकार ३, मग म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजतात, जोडाक्षरातलं हलन्तसुद्धा. लांबीला एकच बाइट असल्यामुळे एका नावात अशी १२६ चिन्हं मावतात.

एक अडचण आहे. विंडोज नावं मुख्यतः ०४०९ म्हणजे अमेरिकी इंग्रजीच्या क्रमांकाखाली मागतो. लिनक्स डिव्हाइसने दिलेल्या यादीतली पहिली भाषा घेतो. म्हणून दोन्ही भाषा द्या, इंग्रजी नावासह. मी स्वतः एका बोर्डाला मराठी नाव दिलं आणि लिनक्सच्या पडद्यावर ते देवनागरीत उमटलेलं पाहिलं, तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगणं अवघड आहे.

मूळ आर्डुइनो ऊनो लगेच चालतो आणि माझ्या बोर्डाला ड्रायव्हर का लागतो?

तो क्लासचा बाइट आठवा. मूळ ऊनो ‘मी संपर्क गटातला, सिरियल पोर्ट’ असं ठरलेल्या भाषेत सांगतो, आणि विंडोज १० पासून त्याचा ड्रायव्हर आतच असतो. सीएच३४० एफएफ सांगतो. बॉड रेट, म्हणजे सिरियल पोर्टचा वेग, कसा बदलायचा, हेसुद्धा त्याच्या स्वतःच्या आदेशांनी. ते आदेश ज्याला येतात तो ड्रायव्हर लागणारच. लिनक्समध्ये तो सीएच३४१ नावाने आधीच असतो.

दुसऱ्या पोर्टला लावलं की कॉम पोर्टचा नंबर बदलतो. असं का?

कारण सिरियल नंबर नाही. सिरियल नंबर असता तर विंडोजने ‘हा तोच’ असं ओळखलं असतं. तो नसल्यामुळे विंडोज ‘या पोर्टला लागलेला’ अशी ओळख धरतो. पोर्ट बदलला की त्याच्या लेखी नवाच पाहुणा, नवा नंबर. एकसारखे चार बोर्ड एकदम वापरायचे असतील तर प्रत्येकाचा पोर्ट ठरवून त्यावर चिठ्ठी चिकटवा, किंवा सिरियल नंबर असलेली चिप घ्या.

मोबाइलवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं की वायर काढल्या-घातल्यासारखा आवाज येतो, तो कशाचा?

मोबाइलने खरोखरच स्वतःला काढून पुन्हा जोडलं. एकदा दिलेली ओळख जोडणी चालू असताना बदलता येत नाही. नवी ओळख द्यायची तर ती वर ओढलेली तार सोडायची, होस्टला ‘गेला’ असं वाटू द्यायचं आणि नव्या डिस्क्रिप्टरसह परत यायचं. पूर्वीचे इंटरनेट डोंगल हेच करत: आधी सीडी म्हणून येत, ड्रायव्हर देत आणि मग मोडेम होऊन परतत.

डिव्हाइस खोटं बोलू शकतं का?

हो. इथे कुणी ओळखपत्र तपासत नाही. डिव्हाइस जे सांगेल ते होस्ट मानतो. २०१४ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी पेन ड्राइव्हच्या कंट्रोलरचं फर्मवेअर बदलून त्याला कीबोर्ड म्हणून हजर केलं. कीबोर्ड झाल्यावर तो हवे ते आदेश टाइप करू शकतो, आणि अँटिव्हायरसला तपासायला फाइलच सापडत नाही. रस्त्यात सापडलेला पेन ड्राइव्ह कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावू नका, हे मी प्रत्येक बॅचला कळकळीने सांगतो.

‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं येतं. काय करू?

हा संदेश फार प्रामाणिक आहे. तार वर ओढलेली दिसली, पण पहिल्या प्रश्नाला नीट उत्तर आलं नाही, एवढं तो सांगतो. म्हणजे डिव्हाइस कोण आहे हेच अजून कळलेलं नाही, त्यामुळे ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून काही होणार नाही. आधी केबल बदला. मग हब काढून थेट पोर्टला लावा. मग डी प्लस आणि डी मायनसचं सोल्डरिंग बघा, क्रिस्टल बघा. लिनक्समध्ये याच जागी एरर वजा ७१ आला तर तारेवर बिघडलेले बिट येत आहेत. वजा ११० आला तर उत्तरच येत नाही.

आणि कोणताच संदेश आला नाही, फक्त बोर्डावरचा दिवा लागला, तर केबलमध्ये डेटाच्या तारा नसण्याची शक्यता मोठी. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी एका ग्रुपबरोबर मी तीन तास ड्रायव्हर आणि बोर्ड बदलत बसलो होतो. शेवटी केबल कापून पाहिली. आत दोनच तारा होत्या, लाल आणि काळी. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक खात्रीची केबल कायम असते आणि ती मी कुणाला उसनी देत नाही.

टाइप-सी आल्यावर हे सगळं बदललं का?

डिस्क्रिप्टर तेच, प्रश्नोत्तरंही तीच. टाइप-सीने भर घातली ती सीसी नावाच्या पिनांची. त्यांवरून वायर कोणत्या बाजूने घातली, वीज कोण देणार आणि किती, हे ठरतं, आणि ते यूएसबी डेटापासून वेगळं चालतं. स्वतः बोर्ड बनवत असाल तर दोन्ही सीसी पिनांना प्रत्येकी ५.१ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावा. तो विसरलात तर दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर बोर्डाला वीजच मिळणार नाही.

हे बाइट मला माझ्या डोळ्यांनी पाहायचे आहेत.

लिनक्समध्ये टर्मिनलवर एलएसयूएसबी ही कमांड द्या, पुढे वजा व्ही जोडा, आणि सगळे डिस्क्रिप्टर अर्थासह समोर येतात. विंडोजवर यूएसबी ट्री व्ह्यू हे फुकट मिळणारं साधन वापरा. चालू असलेलं बोलणं ऐकायचं असेल तर वायरशार्क. लिनक्सवर यूएसबीमॉनबरोबर, विंडोजवर यूएसबीपीकॅपबरोबर. कॅप्चर सुरू करून मग वायर खोचा, नाहीतर पहिला प्रश्न निसटतो. सुरुवात माउसपासून करा: त्याचा डिस्क्रिप्टर कागदावर उतरवा, एकेका बाइटसमोर अर्थ लिहा, आणि अडलं की वरच्या सीएच३४० च्या ओळीशी ताडून बघा.